माउंटन बायकिंगसाठी कार्बन फायबरचा हँडलबार सुरक्षित असतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वापरलेली माउंटन बाइक विकत घेतली, तिला कार्बन फायबरचा हँडलबार आहे, स्वतःचे वजन ९० किलोच्या आसपास आहे, आणि सोबत सायकल चालवणारे सांगतात की कार्बन काही न सांगता तुटतो, तेव्हा तो तसाच ठेवावा की अ‍ॅल्युमिनियमचा बसवावा? यात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कार्बनचे हँडलबार माउंटन बायकिंगसाठी सुरक्षित असतात का, हा पहिला. आणि तुमच्या सायकलवर आज असलेला हा एक हँडलबार सुरक्षित आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी निःशंकपणे ‘होय’ असे देतो, कारण गेली सात वर्षे मी स्वतः खडकाळ उतारांवर कार्बनचाच हँडलबार वापरत आहे. दुसऱ्याकडे शेवटी येतो, कारण त्याचे उत्तर पहिल्याच्या तपशिलातून निघते.

कार्बनविषयीची भीती निराधार नाही, पण ती अर्धवट माहितीवर उभी आहे. अ‍ॅल्युमिनियम वाकते आणि कार्बन तुटतो, असे सर्रास म्हटले जाते. एकाच जोरदार आघातापुरते ते बरोबर आहे: क्षमतेपेक्षा जास्त भार आला तर अ‍ॅल्युमिनियमची नळी बहुधा आधी वाकते व ते डोळ्यांना दिसते, कार्बनची नळी मात्र तुटेपर्यंत जवळजवळ मूळ आकारातच राहते, आणि मर्यादा ओलांडली की एकदम जाते. परंतु हँडलबार एकाच आघातात तुटण्याचे प्रसंग तुलनेने कमी असतात. तो बहुधा हजारो लहानसहान धक्क्यांनंतर, आधीच झालेल्या एखाद्या इजेच्या जागी तुटतो, आणि तेथे दोन्ही पदार्थांचे वागणे अगदी वेगळे आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत धातूचा थकवा ही मुख्य अडचण आहे. पोलादाला साधारणपणे अशी एक मर्यादा असते की तिच्याखालचे ताण कितीही वेळा आले तरी त्याचे काही बिघडत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक उडीनंतरचे टेकणे आणि चढावर हँडल ओढणे, हे सारे त्याच्या खाती जमा होत राहते. भेग बहुधा स्टेमच्या (हँडलबारला मधोमध पकडून सायकलला जोडणाऱ्या भागाच्या) कडेला, म्हणजे वाकवणारा जोर जेथे सर्वाधिक असतो तेथे, एखाद्या ओरखड्यापासून सुरू होते आणि महिनोन्‌महिने दिसत नाही. माझ्या एका सोबत्याचा अ‍ॅल्युमिनियमचा हँडलबार अगदी किरकोळ खड्ड्यात तुटला, तेव्हा तुटलेला भाग मी हातात घेऊन पाहिला होता. त्या कापाचा जवळजवळ निम्मा भाग गुळगुळीत आणि काळपट होता, उरलेला भाग चकचकीत आणि दाणेदार. काळपट भाग म्हणजे जुनी भेग, तिच्यात धूळ आणि घाम शिरलेला. चकचकीत भाग तेवढा त्या दिवशी तुटलेला. तेव्हा ‘अ‍ॅल्युमिनियम आधी इशारा देते’ हे वाक्य मी आता जपून वापरतो.

कार्बन फायबरचा एक तंतू साधारण ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या भागाइतका असतो. असे असंख्य तंतू इपॉक्सी राळेत भिजवून, वेगवेगळ्या कोनांत एकावर एक थर देऊन, साच्यात उष्णता आणि दाबाखाली ही नळी घडवली जाते. तंतूच्या लांबीच्या दिशेने हा पदार्थ विलक्षण बळकट असतो आणि वारंवार येणारे ताण तो अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चांगले सोसतो. म्हणून नीट बनवलेला आणि नीट बसवलेला कार्बनचा हँडलबार केवळ वापराने ‘थकून’ तुटण्याची शक्यता कमी. उलट तंतूच्या आडव्या दिशेने तो दुबळा असतो. एका जागी चिमटल्यासारखा दाब, धारदार कडेचा घाव किंवा टोकदार दगडाचा ठोसा त्याला मानवत नाही, कारण अशा वेळी थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहू शकतो.

सायकलींच्या सुरक्षिततेचे आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचा पाचवा भाग सुकाणूच्या भागांच्या चाचण्यांसाठी आहे. थकव्याच्या चाचणीत हँडलबारची दोन टोके आधी परस्परविरुद्ध दिशांना आणि मग एकाच दिशेने, प्रत्येक टप्प्यात १,००,००० वेळा, दाबली आणि ओढली जातात. पदार्थ कार्बन आहे म्हणून या चाचणीतून सूट मिळत नाही, आणि नामांकित उत्पादक याहून कडक चाचण्याही घेतात. परंतु एक गोष्ट विसरू नये: चाचणीतला बार कोरा असतो आणि जाणकार माणसाने ठरलेल्या जोरानेच आवळलेला असतो. आपल्या घरी तो कोण आवळतो, कशाने आवळतो, हे कोणत्याही मानकाच्या हातात नाही.

माझ्या मते खरा धोका येथेच आहे. माझा पहिला कार्बनचा हँडलबार मी स्वतःच खराब केला. एका किरकोळ पडण्यानंतर ब्रेक लिव्हर फिरू लागला म्हणून मी साध्या अ‍ॅलन कीने, अंदाजाने, ‘आणखी थोडा’ असे म्हणत तो आवळला. पुढे काही महिन्यांनी ग्रिप बदलताना लिव्हर बाजूला सरकवला, तर त्याच्या क्लॅम्पखाली (नळीला आवळून धरणाऱ्या कड्याखाली) नखाएवढी अर्धचंद्राकृती खाच पडलेली होती. तिच्या कडेने पांढुरकी रेघ होती आणि रेघेवर नख फिरवले की ते अडकत होते. वरून काहीही दिसत नव्हते. तो बार मी त्याच दिवशी काढून टाकला आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना, घेतला, जो खरे तर हँडलबारच्या आधी घ्यायला हवा होता.

म्हणून बसवण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. स्टेमच्या पुढच्या झाकणाचे बोल्ट बहुतेक ठिकाणी ४ ते ६ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे एकक) इतकेच आवळायचे असतात. नेमका आकडा स्टेमवर छापलेला असतो, हँडलबारच्या माहितीपत्रकातही असतो, आणि दोन्हींत फरक असेल तर लहान आकडा पाळावा. चारही बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळावेत आणि झाकणाच्या वरची व खालची फट समान ठेवावी. काही स्टेममध्ये मात्र एका बाजूची फट पूर्ण बंद करायची असते आणि तसे त्यावर लिहिलेले असते. स्टेमची आतली कड बोटाने चाचपून पाहावी, तिला धार किंवा कंगोरा असेल तर तो स्टेम कार्बनसाठी वापरू नये. बार फिरतो म्हणून बोल्ट अधिक पिळण्याऐवजी कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावावी; तिच्यातील बारीक कणांमुळे पकड वाढते आणि कमी जोरात काम भागते. ग्रीस मात्र लावू नये, त्याने बार निसटतो आणि मग माणूस आणखी पिळतो. ब्रेक आणि गिअरचे लिव्हर तर याहूनही हलके आवळावेत, इतके की हाताने जोर लावला तर ते जागच्या जागी फिरतील. यामागे कारण आहे: पडल्यावर लिव्हर जमिनीला आपटतो तेव्हा तो फिरून गेला तर आघात तेथेच संपतो, तो घट्ट जखडलेला असेल तर क्लॅम्पची कड नळीत रुतते.

प्रत्येक पडण्यानंतर हँडलबार फेकून द्यावा, असेही काही जण सांगतात. ते मला पटत नाही. तसे असते तर माउंटन बायकिंग करणाऱ्यांना दर महिन्याला नवा बार लागला असता. मी असे करतो: सायकल नुसती कलंडली असेल तर वरवर पाहतो. हँडलबारचे टोक दगडावर आपटले असेल, लिव्हर जोरात फिरला असेल किंवा पडताना माझ्या अंगाचा भार त्यावर आला असेल, तर ग्रिप आणि लिव्हर काढून, नळी पुसून, चांगल्या उजेडात फिरवून फिरवून बघतो. रंगातला ओरखडा चालतो. तंतूंपर्यंत गेलेला ओरखडा, पांढरी रेघ, अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागणारी जागा किंवा आधी नसलेली कुरकुर चालत नाही. नाण्याने टकटक करून आवाज ऐकण्याची पद्धत बरेच लोक वापरतात, पण इतक्या अरुंद नळीवर तिच्यावर भिस्त ठेवू नये. शंका राहिली तर मी बार बदलतो, आणि मोठ्या अपघातानंतर शंका नसली तरी बदलतो. अ‍ॅल्युमिनियमचा बार वाकला असेल तर तोही सरळ करून पुन्हा वापरू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

आपल्या वजनाचा मुद्दा तुलनेने सोपा आहे. उत्पादक आपला बार कोणत्या प्रकारच्या वापरासाठी आहे हे सांगतात, आणि काही जण स्वाराच्या वजनाची मर्यादाही देतात. क्रॉस-कंट्रीसाठी, म्हणजे चढ-उतारांच्या तुलनेने सौम्य वाटांसाठी, बनवलेला अतिहलका बार डाउनहिलच्या तीव्र, खडबडीत उतारांवर वापरणे चूक आहे, मग स्वार ६० किलोचा असो की ९० किलोचा. एंड्युरो (अवघड उतारांच्या लांब वाटांवरचा प्रकार) किंवा डाउनहिलसाठी बनवलेला बार, मर्यादा दिलेली असल्यास ती पाहून, आपण वापरू शकता.

आणि हे सर्व सांभाळून मिळते काय, असे विचाराल तर फार काही नाही. ८०० मिलिमीटर रुंदीचा अ‍ॅल्युमिनियमचा बार साधारण ३०० ते ३५० ग्रॅमचा असतो, कार्बनचा २०० ते २५० ग्रॅमचा. म्हणजे अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याचा फरक. कंपने कमी होतात हे मला जाणवते, पण तेही नळीतील थरांच्या रचनेवर अवलंबून असते. स्टेममध्ये बसणाऱ्या मधल्या भागाचा व्यास ३५ मिलिमीटर असलेले काही कार्बन बार इतके ताठ असतात की मनगटांना त्रास होतो, आणि टायरमधील हवा थोडी कमी केल्याने त्यापेक्षा अधिक आराम मिळतो. ज्याला टॉर्क रेंच हातात धरायचा कंटाळा आहे, त्याने खुशाल अ‍ॅल्युमिनियम वापरावे. त्यात काही कमीपणा नाही. तोही कायमचा नसतो, काही हंगामांनी बदलावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे. बनावट मालापासून मात्र सर्वांनीच लांब राहावे. प्रसिद्ध नाव छापलेला कार्बनचा बार संशयास्पदरीत्या स्वस्त मिळत असेल, तर आत किती थर आहेत आणि ते कोणत्या कोनात आहेत हे बाहेरून कोणालाही कळणार नाही.

आता तुमचा हँडलबार. तो चांगल्या बनावटीचा असेलही. पण आधीच्या मालकाने तो कशाने आवळला, किती वेळा पडला, गाडीच्या कॅरिअरवर त्याला कोणता पट्टा बांधला, हे तुम्हाला माहीत नाही आणि मला येथून सांगता येणार नाही. ग्रिप आणि लिव्हर काढून पाहिल्यावर खुणा दिसल्या तर निर्णय सोपा आहे. खुणा दिसल्या नाहीत तरीही, आधीचा मालक विश्वासातला नसेल, तर मी तो बदलेन. वापरलेली फ्रेम किंवा चाके मी घेतो, वापरलेला कार्बनचा हँडलबार घेत नाही. नवा कार्बनचा घ्या किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, फक्त त्या मधल्या भागाचा व्यास, ३१.८ की ३५ मिलिमीटर, स्टेमशी जुळवून घ्या. काढलेला बार ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून माळ्यावर टाकू नका. तोंडाला मास्क लावून, बारीक दात्याच्या करवतीने त्याचे मधोमध दोन तुकडे करा आणि मगच टाका, म्हणजे कचऱ्यातून उचलून तो दुसऱ्या कोणाच्या सायकलवर चढणार नाही.