गोव्यात दाबोळी विमानतळावर उतरताना धावपट्टीलगत छोटी, दोन पंख्यांची करडी विमानं दिसली. ती कुणाची? तिकीट काढून त्यात बसता येतं का?

ती डॉर्निअर २२८, नौदलाची. गोव्यातून तिकीट मिळत नाही.

माझं घर दाबोळीजवळच्या चिखलीला, त्यामुळे ही विमानं दिसायच्या आधी ऐकू येतात. आमची आजी त्यांना टिटवी म्हणायची. आवाज कर्कश असण्याला कारण आहे. बऱ्याच टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे जेट इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या विमानांत, पंखा इंजिनाच्या मुख्य गाभ्याला थेट जोडलेला नसतो. डॉर्निअरच्या गॅरेट इंजिनात मात्र एकच शाफ्ट (फिरता दांडा), आणि पंखा गिअरमधून त्यालाच बांधलेला. जमिनीवर उभं असतानाही ते चांगल्या वरच्या फेऱ्यांवर फिरत राहतं. जोर कमी-जास्त करायचा तो पात्यांचा कोन बदलून. म्हणून ते किंचाळणं.

विमान मूळचं जर्मन, पहिलं उड्डाण १९८१ चं. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) ही सरकारी कंपनी ते कानपूरला बनवते. इथे आयएनएस हंसा तळावर नौदलाची ३१० क्रमांकाची स्क्वाड्रन, 'कोब्राज', ती उडवते. त्याआधी त्यांच्याकडे फ्रेंच आलिझे विमानं होती. त्यातलं एक बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल संग्रहालयात बघायला मिळेल. डॉर्निअरच्या पोटाखाली गोल फुगवटा दिसला तर तो रडार समजा. किनाऱ्यापासून दूर जाऊन जहाजं हुडकायची, संशयास्पद काही दिसलं तर कळवायचं, बुडत्यांना शोधायचं, हे त्यांचं काम. कोस्ट गार्डही हेच विमान वापरतं, अंगावर 'तटरक्षक' लिहिलेलं असतं. हवाई दलाकडेही आहेत. शेजारी मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका यांच्याकडेही भारताने दिलेली डॉर्निअर पोचली आहेत.

काम दिसतं तितकं निवांत नाही. मार्च २०१५ मध्ये एक डॉर्निअर गोव्याजवळच्या समुद्रात पडलं. दोन अधिकारी गेले, त्यातल्या एक लेफ्टनंट किरण शेखावत. वैमानिकाला मच्छीमारांनी वाचवलं. त्या दिवसांत वास्कोत दुसरा विषय नव्हता.

आता प्रवाशांचं. ऐंशीच्या दशकात वायुदूत ही सरकारी विमान कंपनी याच विमानांनी छोट्या गावांना जोडायची. ती कंपनी बुडाली. मग एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरने देशात बनलेलं १७ आसनी डॉर्निअर आसाममधलं दिब्रुगड ते अरुणाचलमधलं पासीघाट या मार्गावर सुरू केलं. बाहेर नेपाळमध्ये लोक त्यात रोज बसतात. मीही बसलोय, काठमांडूहून डोंगरातल्या लुकलाला. आत उभं राहता येत नाही, छताची उंची जेमतेम दीड मीटर. शौचालय नाही. दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची, म्हणजे खिडकीसाठी भांडण नाही, एवढंच सुख. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे फार उंच जाता येत नाही आणि ढगांचे धक्के चुकवता येत नाहीत. लुकलाची धावपट्टी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आणि चढाची. तिथे टेकलो तेव्हा मात्र हे विमान कशासाठी आहे ते कळलं.

माझं मत विचाराल तर, प्रवाशाला जे खुपतं तेच नौदलाला हवं असतं. खाली आणि सावकाश उडणारं, आखूड धावपट्टीवर भागणारं, दुरुस्ती देशातच होणारं. समुद्रावर तासन् तास घिरट्या घालायच्या तर तीस हजार फुटांवर जाऊन करायचं काय? म्हणून तर मार्च २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नौदलाची २५ जुनी डॉर्निअर अद्ययावत करायचा करार एचएएलशी केला. विमान कंपन्यांचा हिशेब वेगळा. दोन वैमानिकांचा पगार सतरा तिकिटांतून काढायचा की सत्तर? गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावरून, मोपाहून उडणारी फ्लाय९१ ही गोव्याचीच कंपनी. तिने एटीआर ७२ हे मोठं, सत्तरेक आसनांचं पंख्याचं विमान घेतलं, ते उगाच नव्हे.

तेव्हा पंख्याच्या विमानाचीच हौस असेल तर मोपाहून एटीआरने लक्षद्वीपचं अगत्ती किंवा जळगाव करून या. डॉर्निअरच हवं असेल तर दिब्रुगडकडची तिकिटं शोधा. आणि दाबोळीला उतरताना खिडकीतून फोटो काढू नका. तळ नौदलाचा आहे, हटकतात.