विकायच्या फ्लॅटला नवी फरशी घालू नका

तुम्ही विचारलंय की जुना फ्लॅट विकायचाय, मोझॅक काढून व्हिट्रिफाइड टाइल घालावी की लाकडासारख्या पट्ट्यांचं लॅमिनेट. माझ्या मते दोन्ही नको. आहे ती मोझॅक घासून घ्या.

आई गेल्यावर २०१९ मध्ये आम्ही कोथरूडचा फ्लॅट विकायला काढला. काळ्या-पांढऱ्या खड्यांची मोझॅक होती, बाबांनी स्वतः जाऊन निवडलेली. मी म्हणत होते, मशीन लावून पॉलिश करू. दादाचं एकच, चकचकीत फरशी दिसली की भाव वाढतो. शेवटी त्याचंच झालं. तोडफोडीला सोसायटी तयार नव्हती, म्हणून मोझॅकवरच चार बाय दोन फुटांच्या टाइल्स चिकटवल्या. जमीन अर्धा इंच वर आली. सगळी दारं खालून तासावी लागली. बाथरूममध्येही तेच केलं, तिथला उंबरा बुजला आणि अंघोळीचं पाणी पॅसेजमध्ये यायला लागलं. मिस्त्रीने अॅडहेसिव्ह पूर्ण न पसरता चार कोपऱ्यांना गोळे लावले होते, त्यामुळे हॉलमधल्या टाइल्स पोकळ वाजायच्या. पावणेदोन लाख गेले.

ज्यांनी घर घेतलं ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "फरशी आम्ही आमच्या पसंतीची घालणार, तेवढे कमी करा."

मोझॅक आधी जाड, मग बारीक दगडाने घासतात, शेवटी चमक यायला ऑक्झॅलिक पावडर. रंगकाम त्यानंतरच करा, घासताना उडणारा राडा भिंतींवर वीतभर बसतो. फुटलेल्या लाद्यांच्या जागी ओट्याखालच्या किंवा कपाटामागच्या काढून बसवता येतात. लॅमिनेटचं नावच काढू नका, सांध्यात पाणी गेलं की ते फुगतं, आणि आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात.

हां, जमीन खचली असेल किंवा अर्ध्याअधिक लाद्या हलत असतील तर बदलावीच लागेल. मग साधी मॅट, फिकट रंगाची दोन बाय दोन. मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त आणा. बाथरूमला खरखरीतच.

दादा अजून म्हणतो, टाइल्समुळेच फ्लॅट लवकर गेला. दोन महिन्यांनी आईचं एक पत्र आणायला मी तिथे गेले होते, तेव्हा पार्किंगमध्ये राडारोड्याच्या गोण्या होत्या. वर त्या चकचकीत टाइल्सचे तुकडे, आणि त्यांच्या पाठीला चिकटून निघालेले बाबांचे काळे-पांढरे खडे.