थंडीत लागणारा टायरचा दिवा आणि उन्हाळ्यात कमी ठेवायची हवा

आपले प्रश्न दोन आहेत. नाशिकला डिसेंबरच्या सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डवरचा टायरच्या दाबाचा दिवा लागतो आणि दहा-बारा किलोमीटर गेल्यावर आपोआप विझतो, तो का? आणि पंक्चरवाले सांगतात त्याप्रमाणे उन्हाळ्यात हवा तीन-चार पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) कमी ठेवावी का? मी अकोल्याचा, म्हणजे ४४-४५ अंशांत गाडी चालवणारा माणूस असल्याने दुसऱ्याचे उत्तर आधी देतो : मुळीच ठेवू नये.

हवा कमी असलेला टायर रस्त्यावर अधिक दबतो, प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजूची भिंत अधिक वाकते आणि या वाकण्यातूनच टायरमधली बरीचशी उष्णता निर्माण होते. त्यामुळे ‘उन्हात हवा फुगते, टायर फुटेल’ या भीतीने हवा काढणारा माणूस टायर आणखी तापण्याची सोय करत असतो. मागच्या मे महिन्यात मी सकाळी साडेसहाला, गाडी रात्रभर उभी असताना, चारही टायरांत ३३ पीएसआय मोजून अमरावतीला गेलो आणि पोचल्याबरोबर पुन्हा मोजले, तर ३८ भरले. हे पाच पीएसआय काढून टाकण्याचा मोह होतो. पण गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेला दाबाचा आकडा थंड टायरचा असतो आणि चालताना होणारी वाढ कंपनीने त्यात गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरची हवा ३३ वर आणली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे २८-२९ च मिळाले असते. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ असा आकडा असतो, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची असते असा अर्थ काही जण काढतात, तोही चुकीचा.

आता आपल्या दिव्याविषयी. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष (म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या प्रमाणात बदलतो आणि कारच्या टायरसाठी त्याचा व्यवहारातला हिशेब साधारण असा आहे, की तापमान १० अंशांनी उतरले की दीड पीएसआय कमी होतो. आपण ऑक्टोबरच्या दुपारी, ३४ अंशांत, ३३ पीएसआय हवा भरली असे धरले, तर ९ अंशांच्या पहाटे तीच हवा सुमारे २९ दाखवील. शिवाय निर्दोष टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय रबरातून झिरपतोच, आणि पंपापर्यंत गाडी चालवत नेल्यामुळे भरतेवेळी टायर कोमट होते हेही विसरू नये, कारण त्यामुळे थंड असतानाचा खरा आकडा मुळातच ३० च्या आसपास होता. सगळे मिळून पहाटेचा दाब २५ च्या घरात येतो आणि बहुतेक गाड्यांत नेमक्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के कमी झाले की दिवा लागतो. चालल्यावर टायर तापतो, दाब वाढतो आणि दिवा विझतो. तो विझला म्हणून हवा पुरेशी झाली असे मात्र नाही.

(नायट्रोजन भरल्याने यातून सुटका होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाला दोन्ही सारखेच प्रतिसाद देतात. फुकट मिळत असेल तर जरूर भरावा.)

मोजण्याची वेळ सकाळची, गाडी निदान तीन तास उभी असताना आणि ऊन लागण्यापूर्वीची असावी. माझ्या अंगणात पूर्वेकडच्या बाजूला नऊ वाजताच ऊन येते, तेव्हा त्या बाजूचे दोन टायर सावलीतल्यांपेक्षा दोन पीएसआय जास्त दाखवतात, आणि अशा वेळी हवा ‘समान’ करायला गेलो तर आपणच ती बिघडवतो. पंपावरच भरायची असेल आणि टायर तापलेले असतील, तर चौकटीवरच्या आकड्यापेक्षा तीन पीएसआय जास्त भरून दुसऱ्या सकाळी स्वतःच्या गेजने (दाब मोजायच्या छोट्या मीटरने) नेमके करावे. गेज जवळ ठेवाच, कारण पंपावरच्या मीटरवर मी फारसा विसंबत नाही.

तेव्हा उद्या पहाटे चारही टायर आणि स्टेपनी मोजून चौकटीवरच्या आकड्यापर्यंत हवा भरा आणि आठ दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. चारही टायर सारखेच उतरले असतील तर थंडीच कारण आहे. एकच टायर तीन-चार पीएसआयने उतरला असेल, तर त्यात खिळा आहे किंवा त्याचा व्हॉल्व्ह गळतो आहे, आणि मग पंक्चरवाल्याकडे जाणे योग्य.