तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : फोर्ड, वॉर्ड आणि मैदानावरचं राजकारण

प्रश्न : आमच्या गावच्या क्लबाच्या मीटिंगला कोणी काही विचारलं की मोठी माणसं लगेच म्हणतात, खेळात राजकारण आणू नका. अमेरिकेचे माजी प्रेसिडेंट जेराल्ड फोर्ड कॉलेजात फुटबॉल खेळायचे असं वाचलं. तो आपलाच फुटबॉल का? आणि तिकडच्या कॉलेजांत तेव्हा तरी खेळ आणि राजकारण वेगळं होतं का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही हो, आपला नव्हे तो. भातकापणी झाली की आपली पोरं शेतात जो खेळतात त्याला तिकडे सॉकर म्हणतात. त्यांचा बॉल लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि खेळ जास्त करून हातांनीच. फोर्ड मिशिगन युनिव्हर्सिटीत सेंटर होते, म्हणजे वाकून दोन पायांमधून बॉल मागच्या गड्याला द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून अंगावर येणाऱ्याला अडवायचं, डोक्याला चामड्याचं हेल्मेट आणि तोंडापुढे काहीच नाही. मंदीचे दिवस, पैसे पुरेनात, म्हणून फ्रॅटर्निटीच्या घरात (विद्यार्थ्यांचं क्लबवजा हॉस्टेल समजा) ते भांडी घासायचे.

आता राजकारण. फोर्डच्या टीममधे विलिस वॉर्ड नावाचा डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय खेळाडू होता, दोघांची चांगली दोस्ती. मिशिगनच्या टीममधे त्याआधीचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉर्ज जुएट, तो १८९२ सालचा, म्हणजे मधे चाळीस वर्षं कोणी नाही! १९३२ आणि १९३३, दोन्ही वर्षं ही टीम देशात अव्वल होती आणि त्यात वॉर्डचा मोठा वाटा. मग २० ऑक्टोबर १९३४ ला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया टेक कॉलेजची टीम मॅचला यायची होती, त्यांचं म्हणणं, काळा खेळाडू असेल तर आम्ही उतरणार नाही. विद्यार्थ्यांनी आणि काही प्राध्यापकांनी सह्यांचे अर्ज दिले, सभा घेतल्या, तरी मिशिगनवाले नमले आणि वॉर्डला बाहेर बसवलं. ग्राउंड यांचं, खेळाडू यांचा, आणि अट पाहुण्यांची! मला ही गोष्ट आजही लागते.

फोर्ड टीम सोडायला निघालेले, पण वॉर्डनेच त्यांना ‘तू खेळ’ म्हणून सांगितलं असं त्यांनी पुढे लिहिलंय. मिशिगन ९-२ ने जिंकलं आणि त्या अख्ख्या सीझनमधला तो एकच विजय, बाकी सातही मॅच हरले. वॉर्ड धावायचाही जबरदस्त, १९३५ मधे त्याने इनडोअर शर्यतीत जेसी ओवेन्सला हरवलं, तोच ओवेन्स ज्याने पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकला चार गोल्ड मेडलं घेतली. वॉर्ड पुढे वकील झाला, नंतर जज्ज.

तेव्हा तुमच्या मोठ्यांना एवढंच विचारा, वॉर्डला बसवलं ते राजकारण नव्हतं, आणि त्याविरुद्ध सह्या केल्या तेवढंच राजकारण, असं कसं? तिथे गप्प बसणाऱ्यांनीही बाजू घेतलीच होती की.

फोर्ड मात्र विसरले नाहीत. १९९९ मधे कृष्णवर्णीयांसारख्या अल्पसंख्यांना संधी मिळावी म्हणून मिशिगन युनिव्हर्सिटी ॲडमिशनमधे वंशाचा विचार करायची, तो करावा की नाही यावरून कोर्टकचेरी चालू होती, तेव्हा ८६ वर्षांच्या फोर्डनी न्यूयॉर्क टाइम्समधे युनिव्हर्सिटीच्या बाजूने लेख लिहिला आणि त्यात ही १९३४ ची मॅच आणि वॉर्डचं नाव घातलं. वॉर्ड तेव्हा हयात नव्हता.