गुंगीचं औषध आणि इजा झालेलं फुफ्फुस: उंदरांवरचे पेपर कसे वाचावेत

तुम्ही विचारलंय की एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा पदार्थ) देऊन उंदराच्या फुफ्फुसाला इजा केली आणि डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध दिलं, तर फुफ्फुस वाचतं असे पेपर मिळतात, एम.फार्म.च्या प्रोजेक्टला हे गृहीत धरून चालेल का? माझ्या मते, दाह कमी होतो इतकंच धरा. टीएनएफ-अल्फा, आयएल-६ ही दाह वाढवणारी प्रथिनं उतरतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी जमतात, हे अनेक ठिकाणी दिसलंय. केटामाइन, प्रोपोफॉल, सेवोफ्लुरेन या गुंगीच्या-भुलीच्या इतर औषधांचंही तसंच.

पण पेपर उघडला की आधी वेळ बघा. पुष्कळ प्रयोगांत औषध एलपीएसच्या आधी किंवा सोबतच दिलेलं असतं. आयसीयूत रुग्ण येतो तो फुफ्फुस बिघडल्यावर.

मग कंट्रोल गट, म्हणजे तपासायचं औषध न दिलेला तुलनेचा गट बघा. खरी गोम इथेच असते. श्वासनळीत एलपीएस सोडायला उंदराला भूल लागते, आणि ती पुष्कळदा केटामाइन-झायलाझिनची. झायलाझिन हे डेक्समेडेटोमिडीनसारखंच पेशींवरच्या अल्फा-२ रिसेप्टरवर काम करतं! म्हणजे तुमच्या कंट्रोललाही त्याच जातीचं औषध मिळालं. आयसोफ्लुरेन हे हुंगवायचं भुलीचं औषध वापरलंत तरी सुटका नाही, तेही दाह दाबतं. म्हणून भूल कोणती, किती आणि किती वेळ, हे सगळ्या गटांत एकसारखं ठेवा आणि स्पष्ट लिहा. प्रोपोफॉल सोयाबीन तेलाच्या दुधाळ इमल्शनमध्ये येतं, तेव्हा नुसत्या इमल्शनचा वेगळा गट हवाच. सलाइनचा कंट्रोल पुरत नाही.

फुफ्फुसात पाणी किती साचलं ते कळायला त्याचं ओलं आणि सुकं वजन काढाल तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइडही मोजा. गुंगीत श्वास मंदावतो, त्यामुळे हा वायू वाढतो, आणि त्याचाही दाहावर परिणाम होतो. श्रेय मात्र औषधाला जातं.

हे इतकं कळकळीनं सांगतोय त्याला कारण आहे. सेवोफ्लुरेनचे प्राण्यांवरचे निकाल आशादायक होते. 2017 मध्ये एआरडीएसच्या (फुफ्फुस अचानक गंभीर निकामी होण्याच्या आजाराच्या) 50 रुग्णांवरच्या फ्रेंच चाचणीत मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाच्या तुलनेत ऑक्सिजनही सुधारला. मग फ्रान्समधल्याच 37 आयसीयूंत 687 रुग्णांवर सेसार चाचणी झाली, तिचे निकाल 2025 मध्ये आले: 90 दिवसांनी सेवोफ्लुरेन गटात 47.1 टक्के रुग्ण जिवंत होते, प्रोपोफॉल गटात 55.7 टक्के.

तेव्हा प्रोजेक्टमध्ये एक गट असा ठेवाच, ज्यात औषध एलपीएसनंतर काही तासांनी सुरू होईल. त्या गटात फरक दिसला नाही, तरी तो निकाल तसाच छापा.