कानशी कुलपात ठेवून पोरगं इंजिनीअर होत नाही

प्रश्न : माझे वडील बंदूक दुरुस्तीचे परवानाधारक कारागीर आहेत, वय ७६. मी पतसंस्थेत नोकरीला आहे. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ६१ टक्के. सीईटीला ५४ पर्सेंटाइल. पुण्यात एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला जागा मिळते आहे. त्यासाठी प्लॉट गहाण ठेवायची माझी तयारी आहे. पण मुलाला आजोबांच्या कामाचा नाद लागलाय. दहावीपासून रोज संध्याकाळी दुकानात कानस घासत बसतो. सीईटीच्या आधी एका जुन्या दुनळीचा मोडलेला घोडा आजोबांनी त्याला करायला दिला, तर हा तीन दिवस काजळी लावून घासत होता. अभ्यास शून्य. शेवटी मी सगळ्या कानशी कपाटात घालून कुलूप लावलं आणि वडिलांना सांगितलं, याला यापुढं काही शिकवायचं नाही. तेव्हापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही, वडील जेवायला खाली येत नाहीत. निवडणूक आली की सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा आणि दुकान ओस, हे मी लहानपणापासून बघितलंय. मी त्यातून शिकून बाहेर पडलो. आता पोरगं परत तिथंच चाललंय. या मरणाऱ्या धंद्यात त्याला मुलगी कोण देणार? त्याला चार गोष्टी समजावून सांगा.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. मुलाला चार गोष्टी सांगायच्या आधी तुम्हाला दोन सांगायच्या आहेत. तुमच्या मुलाच्या ६१ टक्क्यांची मला काही काळजी वाटत नाही. एवढ्या मार्कांची पोरं माझ्याकडं करिअरचा सल्ला घ्यायला रोज येतात आणि त्यांचं चांगलंही होतं. तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांनी मात्र मला अस्वस्थ केलं. एक त्या कुलपाचं आणि दुसरं, वडील जेवायला खाली येत नाहीत, हे.

ज्या माणसानं उभा जन्म एक काम केलं, त्या कामावर घर चालवलं आणि तुम्हाला पतसंस्थेच्या खुर्चीपर्यंत पोचवलं, त्याला तुम्ही नातवासमोर सांगितलंत की तुमच्याकडचं शिकण्यासारखं नाही. तुम्ही हे रागानं केलं नसेल, भीतीनं केलं असेल. निवडणुकीतलं ओस दुकान तुम्ही लहानपणी बघितलंय, महिना कसा ओढला जायचा तेही. ती भीती खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण ती तुमच्या लहानपणाची भीती आहे, आणि तिचं ओझं तुम्ही १८ वर्षांच्या पोराच्या पाठीवर देताय. तो बोलत नाही म्हणजे हट्ट करतोय असं धरून चालू नका. घरात दोन माणसांचा एकदम अपमान झालाय आणि त्यातल्या एकाला तो फार मानतो.

म्हणून पहिलं काम करिअरचं नाही. कपाट उघडा, कानशी वडिलांच्या हातात द्या आणि त्यांना जेवायला खाली बोलवा. मुलाशी बोलणं त्यानंतर.

आता त्या तीन दिवसांबद्दल. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटून बार उडवणारा भाग, घासताना काजळी कशासाठी लावतात, हे तुम्हाला ठाऊक असणार, तुम्ही त्याच घरात वाढलात. तरी लिहितो, कारण तुम्ही त्याला ‘अभ्यास शून्य’ म्हटलंय. चिमणीच्या ज्योतीवर भाग धरून त्यावर काजळीचा पातळ थर चढवायचा. तो जागेवर बसवायचा, हलवायचा, परत काढायचा. जिथली काजळी पुसली गेली, तिथं धातू लागतोय. तेवढ्याच ठिकाणी कानशीचा एक हलका हात. परत काजळी, परत बसवणं. घाई केली आणि एक हात जास्त पडला की भाग वाया, पुन्हा पहिल्यापासून. त्यातही घोडा ज्यात अडकून राहतो ती खाच म्हणजे सगळ्यात नाजूक जागा. ती खाच सैल राहिली तर नुसत्या धक्क्यानं बार उडतो, फार घट्ट झाली तर चाप ओढताना हात हलतो आणि नेम चुकतो. तीन दिवस न कंटाळता हे करणारा मुलगा आळशी नाही आणि अभ्यासाला कच्चाही नाही. सीईटीच्या तोंडावर करायला नको होतं, हे कबूल. पण याच पोराला मोबाईलवर तीन तास बसलेला बघून तुम्ही असं कपाट बंद केलं असतं का, हे स्वतःला एकदा विचारा.

मात्र एका बाबतीत वडिलांनाही सांगावं लागेल, आणि ते तुम्हीच, आदरानं सांगा. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हेसुद्धा परवान्याचं काम आहे, आणि २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. परवाना आजोबांच्या नावावर आहे. तो नातवाला वारसाहक्कानं आपोआप मिळत नाही. दुकानात मदतनीस म्हणून तो नेमकं काय करू शकतो आणि काय नाही, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन विचारा आणि लेखी घ्या. तोवर ग्राहकाच्या खऱ्या बंदुकीला त्यानं हात लावू नये. सराव लोखंडाच्या तुकड्यावर, जुन्या कुलपांवर, शिवणयंत्रावर करावा. दुकानाबाहेर, घरी किंवा मित्रासाठी हत्याराचा एकही भाग बनवायचा नाही, ही अट मुलानं स्वतःच्या तोंडानं मान्य केली पाहिजे. गावठी कट्ट्याच्या एका प्रकरणात नाव आलं की आयुष्याची माती होते. तिथं कौशल्याचं कौतुक कोणी करत नाही.

आता ‘मरणारा धंदा’. तुमच्या पत्रातला मोठा गैरसमज इथं आहे आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. बंदूक दुरुस्तीचं दुकान ओस पडलं, हे खरं. त्याची कारणं सरळ आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गेली. पुढं ऐंशीच्या दशकात सर्वसामान्यांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. आपल्या जिल्ह्यात उरल्या त्या चंदगड, आजरा, शाहूवाडी, भुदरगडकडच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका, आणि त्याही निवडणूक आली की ठाण्यात जमा. म्हणजे गिऱ्हाईक आटलं. पण गिऱ्हाईक आटणं आणि हातातली कला निकामी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्या एकच धरून चाललाय. तुमच्या वडिलांना काय येतं, याची यादी करा : पोलादाला पाणी देणं, म्हणजे तापवून बुडवून कठीण करणं, स्प्रिंग बनवणं, नजरेला न दिसणारी फट बोटाला ओळखणं, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता धातूला चपखल बसवणं, नळीच्या आतला पोचा उजेडाकडं धरून शोधणं. यातली दस्त्याची गोष्ट सोडली तर बाकी सगळं शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत, साचे (डाय) बनवणाऱ्या टूलरूममध्ये रोज लागतं. तिथले कारखानदार माझ्याकडं मुलं मागायला येतात, तेव्हा त्यांचं गाऱ्हाणं एकच असतं. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर बटण दाबणारा मिळतो, पण मशिनवरून उतरलेला डाय हातानं बसवून देणारा माणूस रिटायर होतोय आणि त्याच्या मागं कोणी नाही. तो माणूस तुमच्या घरात, वरच्या मजल्यावर न जेवता बसलाय.

बंदूक कारागिरांची टंचाई तर इथल्यापुरती नाहीच. ऑस्ट्रियातल्या फेर्लाख आणि बेल्जियममधल्या लिएज या गावांनी त्यासाठी शाळा चालवल्या, म्हणून तिथं अजून काही हात तयार होतात. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात १९४७पासून हा विषय शिकवतात. आपल्याकडं बिहारमधल्या मुंगेरपासून कोल्हापूरपर्यंत हे काम बापाकडून लेकाकडं जात आलं. लेकानं नको म्हटलं की एक घराणं बंद. तुमच्या घरात लेकानं नको म्हटलं, तो तुमचा हक्क होता. पण नातू स्वतःहून हो म्हणतोय, तर त्याला अडवायचा हक्क मला तुमचा वाटत नाही.

हे लिहितोय म्हणून त्यानं उद्यापासून दुकानात बसावं, असं मी म्हणत नाही. आता थोडं त्याच्याशीच बोलतो, हा भाग त्याला वाचायला द्या.

बाळा, फक्त बंदूक दुरुस्तीवर संसार चालेल असं समजू नकोस. तुझे बाबा जे सांगतात, त्यातलं एवढं बरोबर आहे. तू आधी टूल अँड डाय मेकर हो. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चार वर्षांचा डिप्लोमा आहे. तिथं कानस, मिलिंग, ग्राइंडिंग, मोजमाप, डिझाइन हे सगळं करून घेतात. लांब जायचं नसेल तर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकला मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि तिथून पुढं डिग्रीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयचा मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय मेकर हाही दोन वर्षांचा चांगला रस्ता आहे. त्यानंतर एखाद्या चांगल्या कारखान्यात अप्रेंटिसशिप घे, ती टाळू नकोस. आयटीआय म्हणजे पुढचं शिक्षण संपलं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, तिथूनही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सैन्याच्या ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या दलात आणि पोलीस दलांत आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करण्याचं काम असतं, तेही लक्षात ठेव.

आणि तुझ्या आवडीच्या कामाचा एक दरवाजा तुझ्या गावातच उघडा आहे, तो मात्र नीट बघ. हा जिल्हा नेमबाजांचा आहे. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ आणलं. त्यांच्यामागं रेंजवर शेकडो पोरंपोरी एअर रायफल, एअर पिस्तूल घेऊन उभी आहेत. १० मीटरच्या एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन उचलून दाखवतो की नाही, हे स्पर्धेआधी तपासतात. थोडा कमी पडला तर पिस्तूल बाद. हवेच्या सिलिंडरचा सील गळायला लागला की छर्‍याचा वेग बदलतो आणि खेळाडूला वाटतं आपलाच हात बिघडला. माझ्याकडं आलेली एक मुलगी महिनाभर स्वतःला दोष देत होती, शेवटी दोष एका रबरी रिंगचा निघाला. नेमबाजी स्पर्धेतल्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळं शिकायला सुरुवात इथून करता येईल. रेंजवर जा, प्रशिक्षकांना भेट, सुट्टीच्या दिवशी फुकट हाताखाली राबायची तयारी दाखव. हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर, सील, चाप यांचं काम शिक. आजोबांचे हात आणि टूलरूमचं मोजमाप या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडं आहेत, असा माणूस रेंजवर सहजी सापडत नाही.

आणखी एक. आजोबांना येतं ते वहीत उतरवून घे. कोणत्या पोलादाला कोणता रंग आल्यावर पाण्यात घालतात, कोणती स्प्रिंग कशी वळवतात, चित्रं काढून, मापांसकट. ते तुला आज सगळं समजलं नाही तरी चालेल.

पुन्हा तुमच्याकडं वळतो. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगसाठी प्लॉट गहाण ठेवू नका, हे मी स्पष्टच सांगतो. ज्या विषयाकडं मुलाचा ओढा नाही, त्याची जागा पैशानं घेऊन चार वर्षं पुण्यात ठेवलेली मुलं मी फार बघितली आहेत. त्यातली बरीच एटीकेटी भरत बसतात आणि घरी खरं सांगायला घाबरतात. वर कर्जाचा हप्ता तुमच्या निवृत्तीपर्यंत. हाच पैसा त्याच्या टूलरूमच्या फीला, पुढं एका छोट्या सरफेस ग्राइंडरला आणि चांगल्या मोजमापाच्या साधनांना पुरेल.

याच गावात १९१८च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला. ते मेस्त्री घराण्यातले होते आणि कॉलेजात गेलेले नव्हते. शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत उभी राहिली तीही लेथवर हात काळे करणाऱ्या माणसांच्या जोरावर. कोल्हापूरच्या माणसानं हातकामाला कमी लेखावं, याचं मला फार वाईट वाटतं.

लग्नाचं विचारलंत. मुली आणि त्यांचे आईबाप आज नोकरीची पाटी बघतात, हे खरं आहे, त्यात खोटं सांगणार नाही. पण ते कमाई आणि माणूसही बघतात. २७-२८व्या वर्षी स्वतःच्या कामात पक्का, कर्ज नसलेला आणि बापाशी धड बोलणारा मुलगा, हे स्थळ कुणीही नाकारणार नाही. त्यातली शेवटची अट तुमच्या हातात आहे.

थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाचे आणि टूल रूमचे अर्ज कधी सुरू होतात ते या आठवड्यातच बघा, मुदत निघून जाऊ देऊ नका. पुण्याच्या कॉलेजला आगाऊ रक्कम देऊ नका, आणि दिली असेल तर परताव्याचा नियम आजच लेखी मागवा. त्यानंतर तिघंही एकदा येऊन भेटा. मुलाला एकट्याला पाठवू नका, आणि तुमच्या वडिलांच्या गैरहजेरीत मी त्याच्या पुढच्या शिक्षणाबद्दल काही ठरवणार नाही.