ओव्हरक्लॉक केलं म्हणून वॉरंटी गेली का?

प्रश्न: वकीलसाहेब, मी जुळे सोलापुरात राहतो. टॉवेल-चादरींच्या कारखानदारांना डिझाइन करून देतो, थ्रीडी चित्रं रेंडर करतो. रात्री गेमही खेळतो. जून २०२४ मध्ये पुण्याच्या एका दुकानातून आरटीएक्स ३०६० चं ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन मागवलं, २६,५०० रुपयांना, तीन वर्षांच्या वॉरंटीसह. आफ्टरबर्नर या प्रोग्राममधून कोअर क्लॉक (चिपची गती) १५० मेगाहर्ट्झने आणि मेमरीची गती ५०० ने वाढवली होती, म्हणजे कार्ड ओव्हरक्लॉक केलं होतं. बरेच महिने मस्त चाललं. या उन्हाळ्यात क्लॉक पडायला लागला. सगळं मूळ सेटिंगवर आणलं, तरी रेंडर लावलं की दोन मिनिटांत १,००० मेगाहर्ट्झच्या खाली जातो. तापमान मात्र ७४ च्या वर जात नाही. सर्व्हिस सेंटरने ‘ओव्हरक्लॉक केलंय’ म्हणून कार्ड परत केलं. मित्र म्हणतात, केलंच नव्हतं असं लिहून दे. कारखान्याची चाळीस हजारांची ऑर्डर हातची गेली ती वेगळीच. ग्राहक कोर्टात जाता येईल का?

उत्तर: जाता येईल. पण मित्रांचं ऐकू नका. तक्रारीसोबत शपथपत्र द्यावं लागतं. त्यात खोटं लिहिलंत तर तो गुन्हा, आणि एकदा खोटं उघडं पडलं की बाकीचं खरंही कोणी धरत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत खोटं बोलायची गरजच नाही. कशी, ते सांगतो.

तुम्ही पाठवलेला सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटचा फोटो मी मोठा करून पाहिला. तपासणीच्या सगळ्या चौकटी कोऱ्या आहेत. ना तापमान, ना क्लॉक, ना कुठल्या चाचणीचं नाव. खाली निळ्या पेनने एक ओळ: ‘यूझर ओव्हरक्लॉक, वॉरंटी व्हॉइड’. काउंटरवरच्या मुलाला हे कळलं कुठून? तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत, असं पत्रात लिहिलंय. म्हणजे कार्ड तपासून काही निघालं नाही, तुमच्या तोंडून निघालं! आफ्टरबर्नरमधलं सेटिंग त्या प्रोग्रामपुरतं असतं. कार्ड काढून दुसऱ्या मशीनला लावलं की ते कारखान्याच्या मूळ गतीवर चालतं. बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदललं असतं किंवा बोर्डावर डाग दिला असता तर खुणा राहिल्या असत्या. तसं काही केलेलं नाही, स्क्रूवरचा स्टिकरही शाबूत आहे, हे तुम्ही म्हणता. तक्रारीत स्पष्ट लिहा.

आता वॉरंटीचा कागद. त्यातल्या इंग्रजी कलमाचा मराठीत अर्थ असा की, ठरलेल्या मर्यादेबाहेर वापर केल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येणार नाही. या वाक्यातल्या ‘मुळे’वर तुमची सगळी केस उभी आहे. ‘ओव्हरक्लॉक केल्यास वॉरंटी संपली’ असं तिथं लिहिलेलं नाही. वापर आणि बिघाड यांचा संबंध कंपनीने दाखवायला हवा, आणि न तपासता तो दाखवता येत नाही. गंमत म्हणजे खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ओसी’ (म्हणजे ओव्हरक्लॉक) छापलंय. क्लॉक वाढवून विकण्याची सुरुवात कंपनीनेच केलेली आहे. यावर केस जिंकत नाही कोणी, पण युक्तिवादात एकदा बोलून घ्यायला हरकत नाही.

मात्र क्लॉक पडणं हा आपोआप दोष ठरत नाही, हे समजून घ्या, कारण समोरचा वकील पहिलं हेच म्हणणार. आजची कार्डं तापमान, वीज आणि व्होल्टेज बघून स्वतःची गती दर क्षणाला ठरवतात. तुमच्या कार्डाची चिप एनव्हीडिया कंपनीची; २०१२ च्या जीटीएक्स ६८० या कार्डापासून तिच्या कार्डांत हे आहे. ३०६० चा बेस क्लॉक (पूर्ण कामावरची मूळ गती) १,३२० आणि बूस्ट क्लॉक १,७७७ मेगाहर्ट्झ. बूस्ट म्हणजे परिस्थिती बरी असेल तर मिळणारी गती. मेच्या दुपारी, पत्र्याखालच्या खोलीत, बाहेर ४२-४३ अंश असताना कार्ड १,७७७ वरून १,६०० वर आलं, तर त्याने स्वतःचा जीव वाचवला. त्याची तक्रार ग्राहक आयोगात (तुम्ही म्हणता ते ग्राहक कोर्ट) चालणार नाही. पण मूळ सेटिंगवर, पूर्ण काम देऊन, हवा खेळती ठेवूनही ते १,३२० च्या खाली जात असेल, तर मी त्याला दोष म्हणेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या आहे, तीत गुणवत्ता, क्षमता आणि दर्जातली उणीव येते.

तुमचं ७४ अंशांचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. या कार्डाला उष्णतेमुळे हात आखडता घ्यायला साधारण ८३ अंश लागतात. ७४ वर गती निम्म्यावर येते म्हणजे कारण दुसरीकडे आहे. ते शोधा, पण कूलर उघडू नका. कोणी ‘कूलरखालची पेस्ट बदलून देतो, पाच मिनिटांचं काम’ म्हणालं तरी नाही. स्टिकर फाटला की कंपनीला नवीन कारण मिळेल, आणि पुरावा तुमच्याच हाताने बदलेल.

पुरावा असा तयार करा. आफ्टरबर्नर काढून टाका, मशीन पुन्हा चालू करा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून सेन्सरच्या पानावर ‘लॉग टू फाइल’वर खूण करा आणि अर्धा तास रेंडर चालवा. त्या पानावर ‘पर्फकॅप रीझन’ (गती कशामुळे अडली) अशी एक ओळ असते. तिथं ‘थर्म’ आलं तर उष्णता, ‘पॉवर’ आलं तर विजेची मर्यादा, ‘व्हीरेल’ आलं तर व्होल्टेज. हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं, तापमानही बघा. ते कोअरपेक्षा तीस-पस्तीस अंशांनी वर असेल तर कूलर नीट बसलेला नाही, असा अर्थ निघू शकतो, आणि तुम्ही तो उघडलेलाच नसेल तर बसवला कोणी? लोड ९५ टक्क्यांच्या वर दिसायला हवा, नाहीतर ‘कामच नव्हतं म्हणून क्लॉक उतरला’ हे उत्तर तयार आहे. हीच चाचणी दुपारी तीनला एकदा आणि रात्री अकराला एकदा करा, कॅबिनेटजवळ साधा थर्मामीटर ठेवून मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. एसएमपीएसचं (मशीनला वीज देणाऱ्या सप्लायचं) लेबलही टिपा. या कार्डाला ५५० वॉटचा सप्लाय सुचवलेला आहे, आणि तुमचा त्याहून कमी असेल तर आधी मित्राच्या मशीनवर कार्ड लावून बघा. तिथं ते नीट चाललं तर तुमची तक्रार कार्डाविरुद्ध नाही, सप्लायविरुद्ध आहे. मग इथंच थांबा. लॉगच्या फाइल उघडून ‘नीट’ करू नका. पुढे डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तर मूळ फाइल लागते.

हे झालं की दुकान, आयातदार आणि कंपनी या तिघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. त्यात ओव्हरक्लॉकची गोष्ट लपवू नका. मी असं लिहीन: ‘मी काही काळ सॉफ्टवेअरमधून क्लॉक वाढवला होता. आज कार्ड मूळ सेटिंगवर बेस क्लॉकही टिकवत नाही. आपण कोणतीही चाचणी न करता वॉरंटी नाकारली. पंधरा दिवसांत कार्ड तपासून लेखी अहवाल द्यावा, दुरुस्त करावे किंवा बदलून द्यावे.’ दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा, बऱ्याच कंपन्या तिथंच नमतात.

नाही नमल्या तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. दुकान पुण्याचं असलं तरी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने कलम ३४ मध्ये दिलेली मोठी सोय आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी लिहितोय म्हणजे बघा). मुदत दोन वर्षांची, आणि वॉरंटी नाकारल्याची तारीख जॉब शीटवर आहेच. कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तो अर्ज तक्रारीबरोबरच करा. निकालाची मुदत कायद्यात तीन महिने, चाचणी असेल तर पाच. प्रत्यक्षात जास्त धरून चाला.

एक बारकी गोष्ट. वॉरंटीचं कलमच अन्यायकारक आहे, रद्द करा, असं मागू नका. अन्याय्य कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात, आणि सोलापुरातलं प्रकरण मुंबईच्या वाटेला लागतं. तुम्ही सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी एवढंच मांडा.

कंपनीची दुसरी चाल ओळखून ठेवा. बिलावर तुमच्या व्यवसायाचा जीएसटी क्रमांक आहे. ‘व्यापारी कामासाठी घेतलं, हा ग्राहकच नाही’ असं म्हणतील. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायदा त्यातून वगळतो, आणि तुम्ही एकटे, स्वतःच्या हाताने काम करता. कामाला माणसं ठेवली असती तर मला काळजी वाटली असती. म्हणूनच चाळीस हजारांच्या ऑर्डरवर जोर देऊ नका. ते नुकसान सिद्ध करणं कठीण, आणि जितकं मोठ्याने मागाल तितके व्यापारी दिसाल. कार्ड बदलून किंवा पैसे परत, त्रासाची माफक भरपाई आणि खर्च, इतकं मागा.

जाता जाता, ते मूळ बिल थर्मल कागदावरचं दिसतंय, कडा आत्ताच फिकट झाल्यात. आजच दोन झेरॉक्स काढा आणि मूळ बिल सावलीत ठेवा. लॅमिनेट करायला देऊ नका, यंत्राच्या उष्णतेने ते काळं ठिक्कर पडेल.